फकिराच्या दमाचा भाव

आर्णी
२० नोव्हेंबर १९५८

वामनराव यास भावसिंगाचा रामराम.

मागच्या शिमग्यात आमच्या तांड्याचा संघ दिग्रसला हुतूतूत हरला, त्याचा खरा खर्च तुला आज सांगतो. दोन गाड्या, बैलांची ढेप, सात गड्यांचं जेवण, एक फाटलेली चड्डी आणि पंचांचा चहा मिळून सव्वीस रुपये. हा काही खर्च नव्हे. खरा खर्च असा की पंधरा दिवस मी माझ्याच अडतीत मागच्या दारानं शिरलो. तांड्यातली म्हातारी सुखीबाई, जिला डोळ्यांनी दिसत नाही, तीसुद्धा आवाजावरून मला ओळखून म्हणाली, "भावसिंग, सारेच्या सारे गडी बाद झाले म्हंते तुमचे? दोन डाव?" आणि चार पोरं संघ सोडून गेली. दोघं चांद्याच्या कोळशाच्या खाणीत, दोघं हातभट्टीवर. तांड्याच्या नाईकानं मला सरळ सांगितलं आहे की औंदा हरलात तर त्या मैदानात तूर पेरायची.

म्हणून तुला लिहितो. तुमच्या घाटंजीकडच्या तांड्यातला फकिरा. त्याची चढाई मी कळंबच्या जत्रेत पाहिली, म्हणजे खरं तर ऐकली. 'हुतूतू हुतूतू' म्हणत तो पलीकडे शिरला आणि चौघांना शिवून परत आला तरी दम तुटला नाही. मी निरोप पाठवला. त्याचा उलट निरोप आला, एका मोसमाचे सातशे रुपये.

बायको, मोतीबाई, म्हणते, "सातशेत बैलजोडी येते. बैल शर्यत हारला त वखराले जुंपता येते. हा हारला त याले कायले जुंपसान?" 

तुझं वावर त्याच्या तांड्याला लागून आहे. माणूस कसा, पितो का, आणि सातशे कायले मागतो, एवढं कळव. धामणगावच्या टेसनावर आपण दोघांनी कापसाच्या गाठी चढवल्या तेव्हापासून तुझ्या सल्ल्याशिवाय मी मोठं काही घेतलेलं नाही. घेतल्यावर ऐकलेलं नाही ही गोष्ट वेगळी.

तुझा
भावसिंग

*

घाटंजी
३० नोव्हेंबर १९५८

भावसिंग शेठ यांस वामनचा रामराम.

शेठ झालास तरी अक्षर हमालाचंच राहिलं. दोन वेळा वाचावं लागलं.

फकिरा चांगला मुलगा आहे. पीत नाही. चोवीसएक वर्षांचा असेल. बाप नाही, आई धनीबाई माझ्या वावरात कापूस वेचायला येते. बोलणं कमी. मिशा अशा वाढवल्यात की वरचा ओठ दिसत नाही, आणि हसू आलं की नव्या सुनेसारखा तोंडावर हात ठेवतो. वेचणाऱ्या बाया त्याला त्यावरून चिडवतात.

सातशे कायले, ते ऐक. कळंबकडच्या तांड्यातल्या सेवादासाची पोरगी रुपी त्याच्या मनात आहे. तुमच्यात पोरीच्या बापाला द्यावं लागतं, ते तुला मी सांगायला नको. सेवादासानं चार बैल आणि वर रोकड मागितली आहे, होळीच्या आत. पोरगीही मनानं इकडचीच. तू त्याची चढाई ऐकत होतास त्या जत्रेत ती बांगड्यांच्या दुकानाआडून पाहत होती, असं धनीबाई सांगते आणि सांगताना अर्धा कापूस झाडावरच सोडते. म्हणजे तो सातशे काही मिजाशीत मागत नाही. त्याला तेवढेच कमी पडतात.

माझा सल्ला विचारलास म्हणून सांगतो, घेऊ नको. बाहेरून एक गडी आणला की बाकीचे सहा उभे राहून त्याचा खेळ पाहतात. त्यापेक्षा त्या पैशांत तुझ्या पोरांना वर्षभर दूध पाज. पण तू घेणारच. मग पूर्ण दे. घासाघीस करू नको. चार आण्याच्या कमाईत तू चहावाल्याशी पैशापैशासाठी भांडत होतास, ते मी विसरलेलो नाही.

वामन

*

आर्णी
१४ डिसेंबर १९५८

वामन, रामराम.

फकिराला आणलं. साडेतीनशेत.

रागावू नको, आधी ऐक. तुला ठाऊक आहे, मी डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. डोळ्यांना कोणीही बनवतं. अडतीवर गाडी आली की मी आत गादीवर बसल्या बसल्या सांगतो, गाडी कोणाची, भरली किती, आणि खाली ओला कापूस दडपला आहे की नाही. ओल्या कापसाच्या गाडीचा आस वेगळा कण्हतो. या दोन कानांनी हमालाचा अडत्या केला आणि आजवर ते एकदाही माझ्याशी खोटं बोलले नाहीत.

तर फकिराला खळ्यावर नेलं. म्हटलं, या कडुनिंबापासून त्या कडुनिंबापर्यंत एका दमात जा आणि ये. मी पाठ फिरवली, डोळे मिटले आणि ऐकलं. जाताना दम असा की घंटा. येताना मात्र, दम बारीक होत आला तेव्हा, 'हुतूतू'च्या आत एक शीळ होती. फाटक्या भात्यातून वारा निघावा तशी. पुन्हा पळवला. पुन्हा तीच. वामन, माझा थोरला भाऊ छातीच्या रोगानं गेला. शेवटच्या वर्षी त्याच्या श्वासात मी हीच शीळ ऐकत झोपायचो.

आणि तूच लिहिलंस ना की तो तोंडावर हात ठेवतो? खोकला दाबतो तो, हसू नाही.

रोगाचं नाव मी काढलं नाही. एवढंच म्हटलं, "बाबू, तुह्यं काय आहे ते मले समजलं. मी कोनाले सांगत नाई. पन सातशे नाई, साडेतीनशे." त्यानं मान खाली घातली.  मग म्हणाला, "बरं काका." खोटं असतं तर भांडला असता की नाही? तूच सांग.

एक मोसम तो काढेल. आम्हाला एकच मोसम पाहिजे. पुढं त्याचं तो पाहील. तरी तू जरा कानोसा घे. खोकतो का, रात्री ताप येतो का. कोणाला कळू देऊ नको.

भावसिंग

*

घाटंजी
२७ डिसेंबर १९५८

भावसिंग यास रामराम.

खोकला नाही, ताप नाही. धनीबाईला आडून विचारलं तर म्हणाली, "माह्या पोराले? त्याले त शिंकसुद्धा येत नाई." परवा लोहाराकडे चाकाला धाव चढवायला गेलतो, तिथंही सहज विषय काढला की फकिराची तब्येत कशी काय असते. चारजण बसले होते. कोणाला काही ठाऊक नाही.

साडेतीनशे मला आवडलं नाही. तुझा कान खरा असेल तर आजारी माणसाला पळवू नये. खोटा असेल तर निरोग्याचे पैसे कापू नयेत. दोन्हीकडून तूच कसा फायद्यात राहिलास, याचा मी चार दिवस विचार करतो आहे. आणि सेवादास साडेतीनशेत पोरगी देणार नाही, हे तुला माहीत आहे.

वामन

*

आर्णी
२५ जानेवारी १९५९

वामन, रामराम.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला कारण आम्ही जिंकत होतो. दारव्हा, महागाव, पुसद. पुसदला तर फकिरानं एका चढाईत तिघं बाद केले. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि मागून मलाही उचलायला आले होते, पण माझं वजन पाहून पुढं गेले. आता मी पुढच्या दारानं अडतीत जातो. सुखीबाईनं मला गूळ दिला. खाणीत गेलेल्यांपैकी एक पोरगा परत आला आहे.

फकिरा माझ्याच घरी जेवतो. मोतीबाईनं त्याला पोटच्या पोरासारखं लावून घेतलंय. ऊस आणला की त्याच्यासाठी सोलून, बारीक तुकडे करून ताटलीत ठेवते. भाकर दुधात कुस्करून देते. मला तीस वर्षांत कोणी ऊस सोलून दिला नाही. मी समजलो. बायकांना आजारी माणूस न सांगता कळतो. तिला मी विचारलं नाही, तिनं मला सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र तुलाच लिहितो. त्याच्या पाण्याचा तांब्या मी वेगळा केला आहे. घरात नातू खेळतो, काय करणार? तांब्याच्या गळ्याला सुतळी बांधली, बदलू नये म्हणून. पहिल्या दिवशी फकिरानं सुतळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पाणी प्यायला.  तेव्हापासून सामन्यालाही तो तांब्या आपणच घेऊन येतो.

सेवादासाचं म्हणशील तर उरलेले पुढल्या मोसमात देईन म्हणावं. बोलून ठेव.

भावसिंग

*

घाटंजी
१६ फेब्रुवारी १९५९

भावसिंग,

सेवादासानं सोयरीक मोडली.

त्याचा भाऊ येऊन धनीबाईला अंगणातूनच सांगून गेला. आत आला नाही, पाणी घेतलं नाही. म्हणाला, "तुह्या पोराले छातीचा रोग आहे. सारा मुलूख बोलून राह्यला. आमी पोरगी मसनात देत नाई." धनीबाई चार दिवस वेचणीला आली नाही. मी गेलो तर घरात दिवा नव्हता. आता तांड्यातल्या बाया विहिरीवर तिची घागर शेवटी भरू देतात. ती आली की आपापल्या घागरी उचलून बाजूला होतात.

तिनं मला एकच विचारलं, "बापू, असं बोललं कोन असंन?" मी म्हटलं, ठाऊक नाही.

कोण बोललं, भावसिंग?

वामन

*

आर्णी
२४ फेब्रुवारी १९५९

वामनराव यास रामराम.

पत्र मिळालं. वाईट वाटलं. मी कोणाला एक शब्द बोललो नाही, चिंतामणीची शपथ. घरात मोतीबाईलासुद्धा नाही. तू मात्र लोहाराकडे चारजणांत विषय काढलास. त्या लोहाराकडे कळंबच्याही गाड्या येतात, हे तुला मी सांगायला पाहिजे होतं का? मी लिहिलं होतं की कोणाला कळू देऊ नको.

फकिराला निरोप कळला आहे. त्या दिवशी सरावाला आला नाही. दुसऱ्या दिवशी आला. मी म्हटलं, बाबू, दोन दिवस आईकडे जाऊन ये. म्हणाला, "तुमाले शब्द देलता काका, मोसम संपेपर्यंत." आठ मार्चला दिग्रसला शेवटचा सामना आहे, ज्यांनी मागच्या वर्षी आमचं नाक कापलं त्यांच्याशीच.

कापसाचा भाव उतरला आहे. बाकी ठीक.

भावसिंग

*

घाटंजी
१ मार्च १९५९

भावसिंग,

लोहाराकडे मी बोललो. ते माझ्याच तोंडून गेलं, ते मी कोणावर ढकलत नाही. धनीबाईला जाऊन सांगितलं. ती हातातला कापूस निवडत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

पण मी तर फक्त विचारलं होतं. सेवादासाकडे गेलो तेव्हा तो काय म्हणाला, ऐक. "बापू, लोहाराचं मी मनावर घेतलं नोतं. पन पुसदच्या सामन्यात माह्या पुतन्यानं सोता पाह्यलं. साऱ्या गड्यायचा एक तांब्या, अन् फकिराचा सुतळीवाला येगळा. एवढा मोठा अडत्या, त्याले काई समजलं असंन तवाच त बांधली." तू मला गप्प राहायला सांगितलंस आणि तू स्वतः तीन गावांत तांब्या फिरवलास. तोही त्याच्याच हातानं.

आता काय करता येईल ते. सेवादास वाईट माणूस नाही. पोरगी दोन दिवस जेवली नाही, म्हणून तोही जरा नरमला आहे. म्हणतो, आमच्या नसाबात, तांड्याच्या पंचांसमोर, तो आर्णीवाला येऊ दे. त्यानं उभं राहून सांगावं की मला काही ठाऊक नाही, मी नुसत्या वहिमावर तांब्या बांधला. मग आम्ही पोराला डॉक्टरकडे दाखवू आणि पुढचं बोलू. तू त्यांच्या समाजातला वजनदार माणूस आहेस, तुझ्या तोंडून निघालं तर ऐकतील. माझ्या तोंडाला तिथं किंमत नाही.

पंच बसणार आहेत येत्या रविवारी, आठ तारखेला सकाळी. मी तारीख पुढं ढकलायला सांगितली. पुढं होळीपर्यंत त्यांना दिवस नाही, आणि दुसरं एक स्थळ आलेलं आहे.

तुझा सामना त्याच दिवशी आहे, हे मला माहीत आहे. सामना तुझ्याशिवाय होतो. तू चढाई करत नाहीस.

वामन

*

आर्णी
१२ मार्च १९५९

वामन,

जिंकलो. सव्वीस विरुद्ध एकोणीस.

मी कळंबला आलो नाही हे तुला कळलंच असेल. शनिवारी संध्याकाळी छकडा जुंपून ठेवला होता, हे खरं आहे, मोतीबाईला विचार. मग पोरं आली. म्हणाली, "काका, तुमी नसान त आमच्या पायात बळ नाई येत." मी स्वतःला सांगितलं, एक दिवस. सामना करू आणि सोमवारी पहाटे कळंब गाठू, पंच काही पळून जात नाहीत. रात्रभर हेच सांगत होतो, म्हणजे मला ते पटलं नव्हतं.

तुला खरं सांगतो, कारण खोटं लिहिलं तर तू ओळखशील. पोरांच्या पायासाठी मी थांबलो नाही. मला तो कप माझ्या हातात पाहिजे होता. मागच्या वर्षी ज्या मांडवातून मी मान खाली घालून निघालो त्याच मांडवात.

शेवटच्या चढाईला फकिरा गेला. पलीकडे तिघांनी त्याला मध्यरेषेजवळ धरला. दम चालूच. सगळा मांडव ओरडत होता, पण मला बाकी काही ऐकू येत नव्हतं, त्या 'हुतूतू'तली शीळ तेवढी येत होती. मला वाटलं, आता हा माझ्यासमोर मरतो. बोटं रेषेला लागली आणि मग त्यानं श्वास घेतला. लोकांनी मला खांद्यावर घेतलं, वजनाकडे न पाहता. वरून मला फकिरा दिसला. खांबाजवळ उकिडवा बसून आपल्या तांब्यातून पाणी पीत होता. त्याच्या बाजूला दोन हात जागा मोकळी होती.

सोमवारी मी कळंबला जाऊ शकलो नाही. काय झालं तिकडं ते लिही.

भावसिंग

*

घाटंजी
१५ मार्च १९५९

भावसिंग,

पंचांनी ऊन डोक्यावर येईपर्यंत वाट पाहिली. घोंगडीवर तुझी जागा सोडली होती.

रुपी दिग्रसकडच्या तांड्यात दिली. होळी झाली की लग्न.

कप कसा आहे?

वामन

*

आर्णी
६ एप्रिल १९५९

वामन, रामराम.

तुझ्या तीन ओळींना उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले. कप कसा आहे विचारलंस. पितळेचा आहे. मोतीबाईनं पहिल्याच दिवशी चिंच लावून पाहिला, मी चांदीचा म्हणत होतो.

होळीनंतर मी फकिराला घेऊन यवतमाळला गेलो. त्याला वाटलं बाजाराला चाललोय. मोटारीत बसल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. खळ्यावर काय ऐकलं ते, तांब्या का बांधला ते, पंचांकडे का गेलो नाही ते. मी बोलत होतो आणि तो खिडकीतून बाहेर पाहत होता. मला वाटलं, उतरून जाईल, किंवा माझी गचांडी धरेल. मोटारीतली माणसं मधे पडतील असा विचारही मी करून ठेवला होता. अकलेनं मोठा झालेला माणूस अशा वेळीही अकलेचाच विचार करतो.

पण तो म्हणाला, "काका, तुमी म्हनले होते न, तुह्यं काय आहे ते मले समजलं. मले वाटलं तुमाले रुपीचं समजलं. होळीची घाई आहे म्हनून भाव पाडून राह्यले. म्हनून मी बरं म्हनलं."

मी विचारलं, "अन् तांब्या?"

"मले वाटलं, तुमी मोठे लोक. घरात पोट्टं खेळते. बाहेरच्या माणसाचा तांब्या येगळा ठेवत असान."

वामन, मी होतो त्यापेक्षा चांगला माणूस त्यानं मला प्रत्येक वेळी समजलं होतं.

दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होता. फोटो उजेडाकडे धरून म्हणाला, अशी छाती मी या जिल्ह्यात फार पाहिली नाही. मी म्हटलं, साहेब, पण शीळ येते, मी या कानांनी ऐकली आहे, दम बारीक झाला की येते. डॉक्टरनं नळी लावून पुढून ऐकलं, मागून ऐकलं, त्याला खोलीत इकडून तिकडं पळवला, 'हुतूतू' म्हणायला लावलं. मग नळी काढून ठेवली आणि म्हणाला, "तोंड उघड."

दुसऱ्या दिवशी तोच फोटो घेऊन मी सेवादासाकडे गेलो. पंच नव्हते, तो एकटाच दोरखंड वळत बसला होता. उभा राहून, जे रविवारी सांगायचं होतं ते सगळं सांगितलं. त्यानं फोटो सूर्याकडे धरून पाहिला. म्हणाला, "चांगलं झालं पोराचं. पन पोरगी गेली न भाऊ आता." त्यानं मला पाणी दिलं.  मग धनीबाईच्या तांड्याच्या विहिरीवर गेलो, बाया पाणी भरत असतानाच. फोटो दाखवला, माझं नाव सांगितलं, मी काय केलं ते सांगितलं. धनीबाईची घागर त्या दिवशी मधेच भरली. तू वावरात होतास. तुला तोंड दाखवायला आलो नाही.

राहिलेले साडेतीनशे फकिरासमोर ठेवले. मला वाटलं, फेकून देईल, आणि मला तेवढं तरी हलकं वाटेल. त्यानं मोजले आणि घेतले. "याडीच्या घरावर कवलं घालाले लागते," म्हणाला. आईला तुमच्यासारखं आई म्हणत नाही तो, आमचा घरचा शब्द सोडला नाही त्यानं. पुढच्या मोसमाला येशील का, असं माझ्या तोंडून निघून गेलं. निघायला नको होतं. तो म्हणाला, "नाई काका." जाताना सुतळीवाला तांब्या ओसरीवर पालथा ठेवला.

मैदानात तूर पेरणार नाहीत. पोरं रोज संध्याकाळी खेळतात. मी आता तिकडं जात नाही.

मोटारीतलं एक सांगायचं राहिलं. आर्णीचा फाटा आला तेव्हा तो म्हणाला, "काका, मले इचारलं असतं त मी दाखवलं असतं." आणि पहिल्यांदा तोंडावर हात न ठेवता हसला.

समोरचा वरचा दात अर्धा तुटलेला आहे, वारा तिथून निघतो. दोन वर्षांपूर्वी सामन्यात कोणाचा तरी गुडघा लागला होता. मोतीबाईला तो पहिल्याच जेवणाला दिसला होता.

भावसिंग